कोल्हापूर जिल्ह्यातील जनावरांचे दवाखाने आणि त्यांतील माणसे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्याची खूण म्हणजे त्याच्या अंगणातला खोडा. लोखंडी नळ्यांच्या किंवा जुन्या लाकडी खांबांच्या या चौकटीत जनावर उभे केले की ते मागे-पुढे सरकत नाही आणि तपासणाऱ्याला लाथ-शिंगाचे भय राहत नाही. खोड्यामागे दोन-तीन खोल्यांची इमारत असते. तिच्यात औषधांचे कपाट, लस ठेवण्याचा फ्रीज, द्रव नत्राचे पात्र आणि नोंदवह्या असतात. माणसांची रचना सरकारी कागदावर ठरलेली आहे. श्रेणी-१ च्या दवाखान्याचा प्रमुख पशुधन विकास अधिकारी हा पशुवैद्यकशास्त्राचा पदवीधर असतो. श्रेणी-२ चा दवाखाना पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक सांभाळतो. त्यांच्या हाताखाली व्रणोपचारक आणि परिचर ही दोन पदे येतात. तालुक्याच्या पातळीवर लघु पशुसर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुसर्वचिकित्सालय असते. गावाच्या तोंडी मात्र पदवीधर काय आणि पदविकाधारक काय, दोघेही ‘डाक्टर’च. व्रणोपचारक ‘कंपौंडर’ होतो आणि परिचराला अण्णा, तात्या, मामा असे घरचेच नाव मिळते.

या सेवेचा इतिहास सहसा इमारती, योजना आणि लसमात्रांच्या आकड्यांतून सांगितला जातो. त्याने तो पुरा होत नाही. माणसाच्या दवाखान्यात रोगी चालत येतो किंवा उचलून आणता येतो. पाचशे किलोची म्हैस व्याल्यावर बसली आणि उठलीच नाही, तर दवाखान्यालाच गोठ्यात जावे लागते. म्हणून ही सेवा आजवर तिच्या माणसांच्या पायांइतकीच दूर पोहोचली आहे.

संस्थानकाळात जनावरांची देखभाल दोन निरनिराळ्या जगांत चाले. एक जग दरबाराचे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापूरला घोड्यांच्या पागा, हत्ती आणि शिकारीसाठी शिकवलेले चित्ते होते. हत्तींच्या साठमारीचे मैदान शहराच्या एका भागाला आजही नाव देऊन आहे. या जनावरांभोवती माहूत, मोतद्दार, चित्तेवान आणि नालबंद यांचा मोठा परिवार होता. महाराज स्वतः जनावरांचे जाणकार होते आणि या माणसांत रमत. मोतद्दाराला घोड्याच्या चालीतून खुराचे दुखणे कळे. माहुताला हत्तीच्या डोळ्यांवरून आणि गंडस्थळावरून मस्ताचा अंदाज येई. हे ज्ञान हातातून हातात गेले, पुस्तकात फारसे उतरले नाही.

दुसरे जग शेतकऱ्याच्या गोठ्याचे. तिथे गावातला एखादा जाणता म्हातारा, फिरता वैदू किंवा बकऱ्यांमागे हिंडणारा धनगर हाच उपचार करणारा. सुजेवर डागणी दिली जाई, पोटफुगीवर तेल पाजले जाई, गोऱ्हा खच्ची करायचा तर तो बडवला जाई. यातले काही उपाय जनावराला नुसती यातना देणारे होते. बडवण्याच्या जागी पुढे बर्डिझो चिमटा आला, तेव्हा ती यातना पुष्कळ कमी झाली. पण आडवे आलेले कोकरू सरळ करून काढणाऱ्या धनगराच्या बोटांतले कसब खरे होते. दवाखान्यात परिचर म्हणून लागलेल्या अनेकांकडे जनावर हाताळण्याची कला अशाच घरांतून आली.

या दोन्ही जगांना हतबल करणारी गोष्ट म्हणजे साथ, आणि साथींत सर्वांत भयंकर बुळकांडी. जोराचा ताप, तोंडात फोड, मग रक्ताची हगवण आणि काही दिवसांत मरण. गावात शिरली की दावणीच्या दावणी ओस पडत. ऐन पेरणीत बैल गेले तर शेतकऱ्याचे सारे वर्ष जाई. भारतात आधुनिक पशुवैद्यकाची सरकारी उभारणी झाली ती पुष्कळशी या रोगाच्या धास्तीने. १८८९ मध्ये पुण्यात इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तीच पुढे १८९३ मध्ये हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. त्याआधी, १८८६ मध्ये, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडले होते. १८९२ मध्ये मुंबई इलाख्याचे मुलकी पशुवैद्यक खाते निघाले. आजचा पशुसंवर्धन विभाग आपली सुरुवात त्या वर्षापासून मोजतो.

मराठी मुलखात पशुवैद्य घडवणारी परळ ही बराच काळ एकमेव शाळा होती. नागपूरचे महाविद्यालय १९५८ चे, परभणीचे १९७२ चे. कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्याच्या मुलाला ही विद्या शिकायची तर मुंबई गाठणे भाग होते. परळला घोडा, बैल, कुत्रा, सारेच रुग्ण म्हणून येत. शिकून तो एखाद्या तालुक्याला रुजू झाला की त्याच्यापुढे म्हशी, खिलार बैल आणि बकरी असत आणि मदतीला जेमतेम एक-दोन माणसे. गावठी वैद्याच्या डागणीवर भरवसा ठेवणाऱ्या माणसांना सुईवर विश्वास ठेवायला लावणे हे त्याचे पहिले काम होते. ते त्याला एकट्याला जमले नसते. गावातलाच परिचर त्याच्या आधी गोठ्यात शिरे, मालकाशी दोन शब्द बोले, जनावराच्या पाठीवर हात फिरवी आणि मगच डॉक्टरला बोलावी.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि इथली सेवा राज्याच्या खात्याचा भाग झाली. १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव सर्व गुरांना टोचण्याची मोहीम ही या खात्याची खरी शाळा ठरली. लस बर्फात सांभाळून न्यायची, विरघळवलेली लस ठरलेल्या वेळात संपवायची आणि उन्हाच्या आत गाव उरकायचे, हा सगळा क्रम परिचर आणि व्रणोपचारकांच्या अंगवळणी पडला. पुढे रोग मागे हटत गेला तसे काम उलटे झाले. भारतात बुळकांडीचा शेवटचा प्रादुर्भाव १९९५ मध्ये नोंदला गेला. त्यानंतर लसीकरण थांबवून, रोग उरलेला नाही हे सिद्ध करायचे होते. त्यासाठी गावागावांत जाऊन तशी लक्षणे कुठे दिसली का याची विचारपूस करायची आणि तिची नोंद ठेवायची. सापडलेल्या रोगाचे कौतुक होते, न सापडलेल्या रोगाच्या नोंदीचे होत नाही. ही कंटाळवाणी नोंद हजारो माणसांनी चोख ठेवली, म्हणून २००६ मध्ये भारताला बुळकांडीमुक्त देशाचा दर्जा मिळाला आणि २०११ मध्ये जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाने समूळ नष्ट केलेला हा केवळ दुसरा रोग. पहिला देवी.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावपातळीवरचे दवाखाने त्यांच्याकडे आले आणि दवाखान्याचा गाडा गावच्या राजकारणाशी, ग्रामसभेशी, पंचायत समितीशी जोडला गेला. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९६३ रोजी, कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. जिल्हा त्याला गोकुळ म्हणून ओळखतो. या दोन तारखांनी इथल्या पशुवैद्यकाचे स्वरूप बदलले. तोवर दवाखान्याचा मुख्य रुग्ण बैल होता. खांद्याला आलेला, शिंग मोडलेला, पायात खिळा गेलेला, नांगराच्या हंगामात लंगडणारा. आता दावणीतली म्हैस पुढे आली, कारण तिच्या दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी घरात येऊ लागले. तिचा आजार म्हणजे घरातली रोकड थांबणे.

दूध संघाने स्वतःचे पशुवैद्य नेमले, गाडीने गोठ्यापर्यंत जाणारी सेवा उभी केली, गडमुडशिंगीला ‘महालक्ष्मी’ पशुखाद्याचा कारखाना चालवला. वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांतही दूध संघ उभा राहिला. सरकारी डॉक्टर आणि संघाचा डॉक्टर असे दोन दरवाजे शेतकऱ्याला उघडे झाले. एक नसला तर दुसरा. ही सोय महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांना इतक्या लवकर लाभली.

या काळात एक नवे काम दवाखान्यात आले आणि हळूहळू सर्वांत मोठे झाले, ते कृत्रिम रेतनाचे. भारतात याचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरला झाला. पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने ते शेतकऱ्याच्या दारात नेऊन दाखवले. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नत्रात ठेवलेल्या असतात. कांडी बाहेर काढली की ती सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवून लगेच वापरायची. पात्रातले नत्र उडून गेले तर आतल्या साऱ्या कांड्या वाया. म्हणून पात्रात काठी घालून नत्राची पातळी मोजणे हे दवाखान्यातले रोजचे नित्यकर्म झाले.

तंत्र सोपे वाटते, पण यश वेळेवर असते. सकाळी माजावर आलेले जनावर संध्याकाळी भरवायचे, संध्याकाळी आलेले दुसऱ्या दिवशी सकाळी. गाय हंबरते, इतरांवर उडते. म्हशीचा माज बहुधा मुका असतो, रात्रीचा असतो, आणि उन्हाळ्यात तर कळतच नाही. तो ओळखणारी व्यक्ती घरातली बाई असते, कारण धार तीच काढते. अनुभवी पर्यवेक्षक म्हणूनच पुरुषाशी व्यवहार बोलतो आणि लक्षणे बाईला विचारतो: सोट कधी दिसला, दूध कधी चोरले, लघवी थोडी-थोडी करते का. गाय सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांच्या आसपास. एक माज चुकला की एकवीस दिवस गेले, आणि तितक्या दिवसांचा चारा फुकट.

कोल्हापुरातल्या वांझपणाच्या तक्रारींना एक खास स्थानिक कारणही आहे. ऊस हे इथले मुख्य पीक, आणि गळीत हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकटात किंवा स्वस्तात मिळते. महिनोन्महिने गुरे नुसत्या वाढ्यावर ठेवली जातात. वाढ्यातले ऑक्झलेट शरीरातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते. मग व्याल्यावर दुग्धज्वर होतो, जनावर बसते, नंतर माजावर यायला वेळ लावते. शिरेतून कॅल्शियमची बाटली लावल्यावर मान टाकून पडलेली म्हैस तासाभरात उठून उभी राहते, ही गोठ्यातली सर्वांत चमत्कारिक वाटणारी घटना. पण डॉक्टरचे खरे काम ती उठल्यावर सुरू होते. वाढ्याबरोबर खनिज मिश्रण आणि हिरवी वैरण द्या, हे मालकाला पटवणे त्याहून अवघड.

जिल्ह्याची म्हैस पंढरपुरी. तलवारीसारखी लांब, मागे गेलेली शिंगे ही तिची ओळख. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर हा तिचा मुलूख. कोल्हापूर शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणी गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, आणि दिवाळी पाडव्याला त्यांच्या म्हशी शिंगे रंगवून, मोरपिसे लावून मिरवतात. दूध संघांच्या काळात हरियाणातल्या मुऱ्हा आणि गुजरातच्या मेहसाणा, जाफराबादी म्हशीही मोठ्या संख्येने आल्या. दूध वाढले आणि त्याबरोबर अवघडलेल्या विण्याचे प्रमाणही डोळ्यांत भरू लागले.

अशा विण्यांत सर्वांत कठीण म्हणजे गर्भाशयाला पीळ पडणे. म्हशींत हे वारंवार घडते. कळा येतात, पण वाट बंद. डॉक्टर हात घालून पीळ कोणत्या बाजूला आहे ते ठरवतो. मग पीळ ज्या बाजूचा त्या कुशीवर म्हैस पाडायची, पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळे बांधायचे, वरच्या कुशीवर एक लांब फळी तिरकी ठेवायची. फळीच्या खालच्या टोकावर एक माणूस वजन देऊन उभा राहतो आणि बाकीचे पाय ओढून म्हशीला त्याच बाजूला झटक्यात पलटवतात. गर्भाशय फळीखाली धरलेले राहते, शरीर फिरते, आणि पीळ सुटतो. या कामाला पाच-सहा माणसे लागतात. फळीवर उभा राहणारा बहुधा दवाखान्याचा परिचर असतो. वजन किती द्यायचे, कधी उतरायचे हे त्याला ठाऊक असते. जास्त दाबले तर वासराच्या जिवावर बेतते. फळी उपयोगी पडली नाही तर गोठ्यातच पोट उघडून वासरू काढावे लागते. जमिनीवर ताडपत्री, वर बल्ब किंवा बॅटरी, आणि उकळलेल्या पाण्याचे पातेले घरातून. भूल देणारा, औजार पुढे करणारा, माशा वारणारा, शेपूट धरणारा प्रत्येक हात तेवढाच मोलाचा.

व्रणोपचारकाचे पद बाहेरच्यांना सर्वांत कमी माहीत आहे आणि ते सर्वांत कमी गौरवले गेले आहे. ऊसवाहतुकीच्या बैलांचे खांदे सोलून निघतात, मोडलेल्या शिंगाच्या खुंटात आळ्या पडतात, पावसाळ्यात खुरांच्या बेचक्या कुजतात. रोज जखम धुणे, आळ्या चिमट्याने वेचणे, पट्टी बांधणे, मालकाला परत कधी यायचे ते सांगणे, हे काम डॉक्टरच्या शस्त्रक्रियेइतकेच जनावर वाचवते. खिलार बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो. शिंग मुळापासून काढल्यावर ती जागा भरून यायला काही आठवडे लागतात, आणि ते आठवडे सारे व्रणोपचारकाचे.

या कामाचे धोकेही सांगितले पाहिजेत. लाथ, शिंग आणि पिसाळलेल्या जनावराची लाळ यांचा धोका डोळ्यांना दिसतो. न दिसणारा धोका सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा. गाभडलेल्या जनावराची अडकलेली वार हाताने काढताना हा जंतू माणसाच्या अंगात शिरतो आणि महिनोन्महिने येत-जात राहणारा ताप, सांधेदुखी मागे लावतो. खांद्यापर्यंतचे हातमोजे सर्रास मिळू लागण्याआधीच्या पिढीने हे काम उघड्या हातांनी केले.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पदवीधर आणि पदविकाधारक यांची कामे वेगळी केली. किरकोळ सेवा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली इतरांना करता येतील, बाकी व्यवसाय नोंदणीकृत पदवीधराचा. कायदा आवश्यकच होता. पण शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतल्या धनगरवाड्यांपर्यंत पावसाळ्यात चिखल तुडवत पोहोचणारा बहुतेक वेळा पर्यवेक्षकच होता, हेही खरे. १९८८ मध्ये साताऱ्याच्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि दक्षिण महाराष्ट्राला जवळचे पदवीधर मिळू लागले. २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातली ही महाविद्यालये एका छत्राखाली आली.

नव्या शतकात पुराने या सेवेची कसोटी पाहिली. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेवढेच चढले. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांत जनावरे सोडून घराबाहेर पडायला लोक तयार नव्हते. जनावर वर काढल्याशिवाय माणूस वर येत नाही, हे बचावकार्यात सर्वांना कळले. छावण्यांत वैरण, भिजलेल्या गुरांचा न्यूमोनिया, घटसर्पाची लस, ओसरलेल्या पाण्यातले मृतदेह पुरणे आणि नुकसानभरपाईसाठी शवविच्छेदन व पंचनामे हे सारे दवाखान्याच्याच माणसांनी केले. त्यांतल्या कित्येकांची स्वतःची घरे पाण्यात होती.

२०२२ च्या ऑगस्टपासून लम्पी चर्मरोग राज्यभर पसरला. अंगभर गाठी, ताप, पाय सुजणे. गायवर्गात तीव्र, म्हशीत फारच थोडा. पेठ वडगावसारखे जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचायची होती, आणि एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना आपणच रोग नेऊ नये म्हणून हात, कपडे, बूट निर्जंतुक करायचे होते. महाविद्यालयांतले आंतरवासिता करणारे विद्यार्थीही कामाला लावले गेले. दगावलेल्या दुभत्या गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत ठरली. तिचा प्रत्येक कागद दवाखान्यातूनच जायचा होता.

आज दवाखान्याच्या कामात कागदाची जागा मोबाइलने घेतली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमानुसार लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचली जाते आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची. जनावराच्या कानातल्या बारा अंकी टॅगवर प्रत्येक मात्रेची नोंद होते. टॅग मारताना कान हिसकणारे वासरू धरणारा माणूस मात्र पूर्वीचाच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यापासून शर्यतीपूर्वी बैलांची तपासणी करून दाखला देणे हेही काम वाढले. आदमापूरच्या संत बाळूमामा देवस्थानच्या बकऱ्यांचे तळ फिरत राहतात. ज्या गावात तळ पडतो तिथल्या दवाखान्याकडे त्यांच्या जंतनाशकाची आणि लसीची जबाबदारी येते.

अडचण माणसांची आहे. पदे रिकामी राहतात, आणि एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन दवाखान्यांचा कार्यभार असतो. व्रणोपचारक निवृत्त झाला की ती जागा भरायला वर्षे लागतात. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके ही उणीव काही अंशी भरून काढतात. त्यांत एक पशुवैद्य, एक सहायक आणि चालक असतो. ‘उमेद’ अभियानातल्या पशुसखी शेळ्या-कोंबड्यांचे लसीकरण आणि प्राथमिक उपचार गावातच करतात. कोल्हापूर शहरात कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने वाढले आहेत आणि नवे पदवीधर तिकडे वळत आहेत. त्यांच्यात मुली पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. काही जणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत रुजू होऊन गोठ्यांत जातात, म्हशी तपासतात आणि फळी टाकून पीळही सोडवतात.